गृहचर्चा : छप्पर एक, चुली चार

आमच्या एका भाचीचें स्कॉटलंडांतून आलेलें पत्र गेला महिनाभर आमच्या मेजावर पडून आहे. पत्र मोठें आहे, आणि त्याच्या आरंभींच एक कबुली आहे : "मामा, इतकीं वर्षें शिकलें, दोन देशांत नोकरी केली, पण दारांत आलेल्या पहिल्याच माणसानें मला फसविलें. सासूबाईंना हें सांगण्याचा अजून धीर होत नाहीं."

घराच्या दुरुस्तीला चांगला कारागीर कोठें शोधावा, हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाहीं. पावसाळ्याच्या तोंडावर तो दर घरीं निघतो आणि पहिली सर येईपर्यंत तसाच पडून राहतो. परंतु हा प्रश्न आपल्याच गांवचा आहे असें जें आम्ही समजत होतों, तें या पत्रानें खोटें ठरविलें. भाचीची परवानगी घेऊन, तिच्याच अनुभवाच्या आधारें, आज आम्ही तो वाचकांपुढें मांडीत आहों.

भाची व तिचे यजमान हॅडिंग्टन येथें राहतात. एडिंबरोच्या पूर्वेस सुमारें १७ मैलांवर, टाइन नदीच्या कांठीं वसलेलें हें जुनें बाजाराचें गांव. (न्यूकॅसलची टाइन ती निराळी.) बाराव्या शतकांत राजा पहिला डेव्हिड याच्या कारकीर्दींत त्याला राजनगराचा दर्जा मिळाला. मूळचा बाजार त्रिकोणी होता. पुढें त्या त्रिकोणाच्या पोटांतच घरांची व दुकानांची एक ओळ उठली, आणि आज तिच्या एका अंगास हाय स्ट्रीट व दुसऱ्या अंगास मार्केट स्ट्रीट असे दोन रस्ते आहेत. 'सेल्फ हेल्प' हा ग्रंथ १८५९ सालीं प्रसिद्ध करणारा सॅम्युएल स्माइल्स १८१२ सालीं याच गांवीं जन्मला. ज्यांच्या घरीं आजोबांच्या वेळच्या इंग्रजी पुस्तकांचें कपाट अजून शाबूत आहे, त्यांना हें नांव परकें वाटूं नये.

गांवांतील जुन्या घरांच्या भिंती जाड दगडाच्या, चुन्यांत बांधलेल्या. छपरें दोन तऱ्हांचीं. कांहींवर तांबडीं, नागमोडी वळणाचीं मातीचीं कौलें. लांबून पाहणाऱ्या कोंकणस्थाला क्षणभर घरची आठवण व्हावी अशीं. कांहींवर पाटीच्या दगडाचे काळेभोर पातळ तुकडे, माशाच्या खवल्यांप्रमाणें एकावर एक बसविलेले. भाचीचें बिऱ्हाड अशाच एका पाटीच्या छपराखालीं, वरच्या मजल्यावर आहे. त्या इमारतींत एकूण चार कुटुंबें, प्रत्येक आपापल्या बिऱ्हाडाचें मालक. छप्पर एक, चुली चार.

गेल्या हिंवाळ्यापूर्वीं सासूसासरे सहा महिन्यांसाठीं तिकडे गेले. त्यांच्यासाठीं राखलेल्या खोलीच्या छतावर, कोपऱ्यांत, ओलीचा एक डाग दिसूं लागला. आठवड्यानें तो ताटाएवढा झाला. सासऱ्यांना दम्याचा विकार; त्यामुळें भाचीच्या जिवाला घोर लागला. नेमक्या त्याच वेळीं एक गृहस्थ दार ठोठावून म्हणाला, "बाईसाहेब, शेजारच्या रस्त्यावर काम करीत होतों. तुमच्या छपराच्या चार पाट्या सरकलेल्या दिसल्या. आजच केलें तर स्वस्तांत होईल." बोलणें मऊ, अंगावर कामाचे कपडे, गाडींत शिडी. भाचीनें आठशें पौंड रोख मोजले. माणसें दोन तास वर होतीं. तिसऱ्या दिवशीं पाऊस आला आणि थेंब थेंब गळणारें पाणी धारेनें गळूं लागलें. पावती नव्हती, पत्ता नव्हता, आणि दिलेला दूरध्वनीचा क्रमांक लागत नव्हता.

तेथील कायद्यांत अशा गिऱ्हाइकासाठीं सोय नाहीं असें नव्हे. दारांत येऊन केलेला करार साधारणतः चौदा दिवसांच्या आंत मोडतां येतो, आणि व्यापाऱ्यानें आपलें नांव, पत्ता व किंमत लेखी द्यावी असा २०१३ सालचा नियम आहे. परंतु ज्याचा ठावठिकाणाच नाहीं, त्याच्यावर नियम चालवावा कसा? कायदा हा पत्ता असलेल्या माणसांसाठीं असतो, हें भाचीला आठशें पौंड देऊन कळलें.

येथें थोडा मागचा इतिहास सांगितला पाहिजे. कारण कोणाच्या हातीं घर सोंपवावें या प्रश्नाला याच गांवानें एके काळीं अगदीं पक्कें उत्तर दिलेलें होतें. स्कॉटलंडच्या जुन्या नगरांतून प्रत्येक धंद्याचा संघ असे. नगरसभा त्याला शिक्कामोर्तब केलेली सनद देई, आणि 'डीकन' नांवाचा निवडलेला प्रमुख त्याचा कारभार पाही. हॅडिंग्टनांत असे नऊ संघ होते : लोहारकाम, गवंडीकाम, सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, चांभारकाम इत्यादि. मुलानें उस्तादाच्या हाताखालीं वर्षानुवर्षें उमेदवारी करावी, मग परीक्षेसाठीं एक वस्तु स्वतः घडवून संघापुढें ठेवावी, आणि ती पसंत पडली म्हणजेच त्याला नगरांत स्वतंत्र धंदा करण्याचा अधिकार मिळावा, अशी रीत होती. काम वाईट झालें तर तक्रार कोणाकडे न्यावयाची हें घरोघरीं ठाऊक असे.

ही व्यवस्था ऐकून आपल्या वाचकांना बारा बलुतेदारांची आठवण होईल, आणि गेलेल्या काळाबद्दल एक उसासाही निघेल. आम्ही तो उसासा टाकणार नाहीं. संघाबाहेरच्या माणसानें, मग तो कितीही कुशल असो, नगरांत हत्यार उचललें तर त्याला दंड होई. संघाच्या सभासदाचा मुलगा किंवा जांवई असेल तर प्रवेशाची फी कमी, परक्याला अधिक. म्हणजे गिऱ्हाइकाचें रक्षण हा त्या व्यवस्थेचा एक हात, आणि आपल्याच माणसांची पोळी भाजणें हा दुसरा. अखेर १८४६ सालीं पार्लमेंटानें स्कॉटलंडांतील नगरसंघांची ही मक्तेदारी कायद्यानें काढून टाकली. योगायोग असा कीं, त्याच सालीं हॅडिंग्टनला आगगाडीचा फांटा आला. एकाच वर्षीं कायद्यानें वेस उघडली आणि रुळांनीं बाहेरचें जग वेशींतून आंत आणलें. तो फांटाही पुढें बंद पडला. उतारूंची वाहतूक १९४९ त आणि मालाची १९६८ त थांबली. पण उघडलेली वेस मिटली नाहीं. पूर्वीं परका कारागीर गांवांत येऊं शकत नव्हता. आज आलेला कारागीर परका आहे कीं गांवचा, हेंच कळत नाहीं.

मग आज काय करावें? भाचीला याचें उत्तर तळमजल्यावरच्या एका वृद्ध बाईनें दिलें. त्या बाईचा जन्म गांवांतलाच. भाची तीन वर्षें त्यांच्या डोक्यावर राहत होती. पण येतां-जातां हंसण्यापलीकडे बोलणें नव्हतें. पाणी गळून खालच्यांच्या भिंतीला ओल आली तेव्हां भाची क्षमा मागावयास त्यांच्या दारीं गेली, आणि बोलतां बोलतां रडूं लागली. बाई म्हणाल्या, "मुली, तूं मला आधीं कां नाहीं विचारलेंस? चांगला छप्परकर कधीं कोणाचें दार ठोठावीत नाहीं. त्याला तेवढा वेळच नसतो."

आमच्या मतें या एका वाक्यांत या विषयाचें अर्धें शास्त्र आलें. ज्याच्या हाताला काम आहे तो उद्यां मोकळा नसतो. जो आजच मोकळा आहे, त्याच्याबद्दल दोन प्रश्न अधिक विचारावे.

बाईंनीं दुसरी गोष्ट सांगितली ती भाचीला अधिक लागली. "आणि छप्पर तुझें एकटीचें नाहीं, आपणां चौघांचें आहे." स्कॉटलंडांत एका इमारतींत एकावर एक अशीं अनेक मालकांचीं बिऱ्हाडें असण्याची चाल फार जुनी आहे, आणि त्यासाठीं २००४ सालीं एक स्वतंत्र कायदा झाला आहे. खरेदीखतांत दुसरें कांहीं ठरलेलें नसेल तर छप्पर, मुख्य भिंती, पाया यांसारख्या भागांच्या दुरुस्तीचा निर्णय मालकांनीं बहुमतानें करावयाचा. दर बिऱ्हाडास एक मत. झालेला निर्णय विरुद्ध मत देणाऱ्यासही बंधनकारक, आणि खर्च सर्वांनीं वांटून घ्यावयाचा. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या भाचीला ही व्यवस्था वास्तविक पहिल्या दिवशींच ओळखीची वाटावयास हवी होती. पण परदेशीं गेलेला मनुष्य, आपण आतां स्वतंत्र झालों, अशा समजुतींत असतो. शेजाऱ्यांना न विचारतां खर्चिलेल्या पैशांचा वांटा ती आतां कोणत्या तोंडानें मागणार?

चार घरांची बैठक त्या बाईंच्या स्वयंपाकघरांत भरली. एकानें, "माझ्या खोलींत गळत नाहीं, मी कां द्यावें?" असा प्रश्न केला. तो प्रश्न कोणत्या वाड्यांत निघत नाहीं! वृद्ध बाईंनीं त्याला उत्तर दिलें, "पाणी आधीं वर गळतें. तुझ्याकडे यावयास त्याला थोडा उशीर होतो, इतकेंच." ठराव तीन विरुद्ध एक असा झाला, आणि वर्गणी चौघांनींही दिली.

कारागीर कसा निवडला तें आम्ही सविस्तर सांगतों, कारण तें कोठेंही उपयोगी पडावें असें आहे. गांवांत तीन-चार ठिकाणीं चौकशी केली : खिळे-बिजागऱ्या विकणारा दुकानदार, पावाचें दुकान, आणि ज्याचें छप्पर दोन वर्षांपूर्वीं झालें होतें असा एक घरमालक. दोन नांवें पुनः पुनः आलीं. दोघांनाही बोलावून त्यांनीं काम पाहिलें व किंमत लिहून मागितली. तेथें 'अंदाज' व 'ठरीव किंमत' हे दोन शब्द निरनिराळे मानतात. अंदाज वाढूं शकतो. ठरीव किंमत एकदां स्वीकारली म्हणजे साधारणतः तीच राहते. कोणता कागद आपल्या हातीं आहे, हें सही करण्यापूर्वीं पाहावें. विमा आहे काय, हेंही विचारलें. छपराच्या कामाला सरकारी परवाना लागत नाहीं. पण गॅसच्या कामाची गोष्ट वेगळी. तेथें 'गॅस सेफ' नोंदणीपुस्तकांत नांव असल्यावांचून गॅसच्या उपकरणास हात लावण्याची कायद्यानें मनाई आहे, आणि तसा माणूस जवळ ओळखपत्र बाळगतो. याखेरीज कित्येक ठिकाणीं स्थानिक कौन्सिलें विश्वासू कारागिरांच्या याद्या ठेवतात. जुन्या संघाचा शिक्का गेला. त्याच्या जागीं शेजाऱ्याचा शब्द, नोंदणीचें पुस्तक आणि लेखी कागद असे तीन शिक्के आले आहेत. एकटा कोणताही पुरेसा नाहीं. तिन्ही जुळले तर बरेंच निर्धास्त राहावें.

निवडलेला छप्परकर सहा आठवड्यांनीं येतों म्हणाला. पण त्याच संध्याकाळीं येऊन, एक पैसाही न घेतां, गळक्या भागावर ताडपत्री बांधून गेला. काम सुरू झाल्यावर त्यानें भाचीला खालून बोट दाखवून समजावून दिलें. पाट्या सरकल्याच नव्हत्या. छपराच्या दोन उतरणी जेथें मिळतात तेथील शिशाच्या पन्हळीला चीर पडली होती. आधींच्या माणसांनीं तिच्यावर सिमेंट थापलें आणि पाण्याची वाटच अडविली; म्हणून तें आंत वळलें. स्कॉटलंडच्या जुन्या पद्धतींत पाटीला बहुधा डोक्याशीं एकच खिळा असतो. त्यामुळें पाटी खिळ्याभोंवतीं फिरवून बाजूस करतां येते, खालची फुटकी पाटी काढतां येते, आणि पुनः सरळ करून झांकतां येते. दुरुस्ती करावी लागणार, हें ज्यांनीं बांधतांनाच मनांत धरलें होतें, त्यांची ही करामत. तसेंच चुन्याचें. चुन्याच्या दरजा ओल बाहेर सोडतात. त्यांवर सिमेंट भरलें कीं ओल दगडांत अडकते आणि दगडच झिजूं लागतो. फुटलेल्या पाट्यांच्या जागीं त्यानें जुन्या उतरविलेल्या पाट्या शोधून आणल्या. कारण बॅलाखुलिश येथील नामांकित पाटीची खाण १९५५ सालींच बंद झाली. तें घर ऐतिहासिक इमारतींच्या यादींत आहे. अशा घराची जशीच्या तशी दुरुस्ती करण्यास सहसा अडचण नसते. पण स्वरूप बदलावयाचें तर आधीं परवानगी लागते, आणि ती न घेणें हा गुन्हा आहे. हें सारें ज्या माणसाला ठाऊक आहे त्यालाच कारागीर म्हणावें. बाकीच्यांजवळ केवळ शिडी असते.

दुरुस्तीच्या या त्रासाला हॅडिंग्टनची एक जुनी माहेरवाशीणही साक्ष आहे. थॉमस कार्लाइल याची पत्नी जेन वेल्श ही १८०१ सालीं या गांवीं जन्मली. तिचे वडील तेथें डॉक्टर होते. लग्नानंतर लंडनमधील चेल्सी भागांत तिनें संसार केला, आणि तिच्या पत्रांतून घरांत शिरलेल्या गवंड्या-सुतारांचीं वर्णनें ठिकठिकाणीं आढळतात. यजमानांना लिहितांना कोंबड्यांचा व पियानोचा आवाज सोसत नसे, म्हणून १८५३ सालीं माळ्यावर आवाज न शिरणारी खोली बांधावयास घेतली. महिनोन् महिने घरांत धूळ उडाली, खर्च झाला, आणि आवाज तो आवाजच राहिला! १८६६ सालीं जेन वारली, तेव्हां तिला हॅडिंग्टनच्याच सेंट मेरीच्या देवळांत पुरलें. त्या देवळाचा तो भाग १५४८-४९ च्या वेढ्यांत उद्ध्वस्त झाला होता आणि तिच्या दफनाच्या वेळीं त्यावर छप्पर नव्हतें. गांवकऱ्यांनीं जेवढें झेपलें तेवढें अर्धें देऊळ दुरुस्त करून शतकानुशतकें वापरलें; उरलेल्या अर्ध्यावर १९७० नंतरच्या दशकांत छप्पर चढलें. चार घरांच्या वर्गणीला दोन महिने लागले म्हणून भाचीनें खंत करूं नये, असें आम्हीं तिला उलट टपालीं कळविलें.

आतां राहिला तिच्या सासूबाईंचा प्रश्न. काम चाललेलें असतां एके दिवशीं भाचीनें त्यांना सर्व सांगून टाकलें. त्या रागावल्या नाहींत. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले. वरच्या माणसांना चहा दिलास का?" तेथें कामकऱ्यास चहा विचारणें ही साधी रीत आहे, आणि घरच्याच पेल्यांतून तो देतात. सासूबाईंनीं स्वतः आलें घालून चहा केला, घरांतले चांगले पेले काढले आणि दाराशीं नेऊन दिले. परत आल्यावर सुनेला म्हणाल्या, "माझ्या माहेरीं गवंड्याचा कप मागल्या पडवींत, खुंटीच्या खालीं निराळा ठेवलेला असे. आमचा वाडा त्यानें व त्याच्या बापानें बांधला. मला त्याचें आडनांव आठवत नाहीं."

वाचकांनीं हें वाक्य आमच्याप्रमाणेंच दोनदां वाचावें. चांगले कारागीर मिळत नाहींत, अशी तक्रार आपल्या दिवाणखान्यांतून नित्य ऐकूं येते. ज्यांनीं आपल्या डोक्यावर छप्पर घातलें त्यांची विद्या ही विद्या आहे असें आपण किती काळ मानलें? त्यांच्या मुलांनीं तोच धंदा पुढें चालवावा असें त्यांना कां वाटावें? ठरलेले पैसे देतांना शेवटच्या दिवशीं घासाघीस करणारे, फसविणाऱ्यापुढें मात्र आठशें पौंड मुकाट्यानें मोजणारे आपणच. कारागीर गरजेच्या दिवशीं शोधून सांपडत नाहीं. तो शेजारधर्मानें आधींच ठाऊक असावा लागतो, आणि वेळच्या वेळीं दिलेल्या मोबदल्यानें व मानानें टिकवावा लागतो.

भाचीच्या छताचा डाग आतां वाळला आहे. सासरे त्याच खोलींत निजतात, आणि तळमजल्यावरच्या बाई दर गुरुवारीं वर चहास येतात. पत्राच्या शेवटीं तिनें त्या छप्परकराचें नांव, त्याच्या बापाचें नांव व तो कोठें काम शिकला तें लिहिलें आहे. आम्ही तें येथें छापीत नाहीं. पण तिनें तें लिहून ठेविलें, याचा आम्हांस आनंद वाटतो. आपल्या वाचकांपैकीं कितीजण आपल्या घराच्या गवंड्याचें नांव असें लिहूं शकतील?